कार्डावर एक ओळ हवी

माझ्या मुलाचं एक वृषण खाली उतरलेलं नाही, हे सगळ्यात आधी कळलं ते त्याला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना. तो दीड महिन्याचा होता. न्हाणीत पाटावर बसून, दोन्ही पाय लांब करून त्या बाळाला पायांवर घ्यायच्या आणि कोमट तेलाने चोळायच्या. शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या, पण आमच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्याच पायांवर न्हाऊन मोठी झालेली. त्या दिवशी त्यांचा हात चोळता चोळता थांबला. पुन्हा एकदा चाचपून पाहिलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "बाय, डाव्या अंगाची गोटी हाताला लागंना. डाक्टरास्नी दाखव एकदा."

मी दाखवलं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी लंगोट जेमतेम बाजूला केला आणि म्हणाले, "उतरेल आपोआप. मोठा होईल तसं नीट होईल." कधीपर्यंत वाट बघायची, हे त्यांनी सांगितलं नाही. मला विचारायचं सुचलं नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, "हे चारचौघांत बोलू नकोस, उद्या पोराच्या लग्नात आडवं येईल." मग मीही बोलले नाही. दहा आठवड्यांची लस झाली, चौदा आठवड्यांची झाली, नवव्या महिन्यात गोवराची झाली. प्रत्येक वेळी वजन केलं, कार्डावर टिंब दिलं, ताप आला तर गोळी कशी द्यायची ते सांगितलं. लंगोटाच्या आत कुणी बघितलं नाही.

2014 साली तो तिसरीत होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरांनी मुलग्यांना एकेक करून पडद्याआड बोलावलं आणि संध्याकाळी माझा मुलगा खिशात घडी घातलेली चिठ्ठी घेऊन घरी आला. ऑपरेशन झालं तेव्हा त्याला आठ वर्षं पूर्ण झाली होती. सर्जनबाईंनी मला रागावून काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "दीड वर्षाच्या आत आणलं असतंत तर बरं झालं असतं." साडेसहा वर्षांचा तो फरक मी अजून विसरलेले नाही.

तो आता एकोणीस वर्षांचा आहे. हा लेख लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिही. माझं नाव नको घालूस." म्हणून मी लिहिते आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. प्रत्येक मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर 'दोन्ही वृषणं खाली आहेत का?' अशी एक ओळ असायला हवी, ती चौदा आठवड्यांच्या आणि नवव्या महिन्याच्या लसीच्या वेळी लसीइतक्याच सक्तीने भरली जायला हवी, आणि 'नाही' असं उत्तर आलं तर त्या मुलाचं ऑपरेशन दीड वर्षाच्या आत करून देणं ही सरकारी आरोग्य व्यवस्थेची जबाबदारी मानली जायला हवी. सध्या तसं नाही. सध्या हे सगळं नशिबावर चाललंय. कुणाला जाणती मावशी भेटते, कुणाला लक्ष देणारे डॉक्टर भेटतात आणि कुणाला दोन्ही भेटत नाहीत.

ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तिघांचं एक किंवा दोन्ही वृषणं जन्मतः जागेवर नसतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जातं. पोटातल्या बाळाची वृषणं मुळात मूत्रपिंडाच्या जवळ तयार होतात. सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास ती जांघेतल्या अरुंद वाटेने खाली सरकून पिशवीत येतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा हा प्रवास संपायच्या आतच जन्म झालेला असतो. म्हणून डॉक्टर 'उतरेल' म्हणतात ते खोटं नसतं. बऱ्याच मुलांची खरोखरच पहिल्या काही महिन्यांत उतरतात, आणि वर्षाचं होईपर्यंत शंभरात एकाच्या आसपास मुलगा उरतो.

पण या उतरण्यालाही मुदत असते. जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत मुलग्याच्या अंगात संप्रेरकांची एक लाट येते, वयात येण्याची जणू छोटी रंगीत तालीम. ती सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. उतरायचं असतं ते तिच्या जोरावर उतरतं. त्यानंतर आपोआप उतरणं फारच क्वचित. म्हणजे सहा महिने वाट बघणं हा उपचाराचाच भाग झाला, आणि त्यानंतर वाट बघणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर हे सहा महिने त्याच्या जन्मतारखेपासून धरायचे नाहीत, पूर्ण दिवस ज्या दिवशी भरले असते तिथून धरायचे. अमेरिकेतल्या मूत्ररोग शल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2014 सालीच हे स्पष्ट लिहून ठेवलं: सहा महिन्यांपर्यंत उतरलं नाही तर सर्जनकडे पाठवा, आणि पुढच्या वर्षभरात ऑपरेशन उरका. युरोपातले सर्जन तर बाराव्या महिन्याच्या आत करा म्हणतात, फार तर अठराव्या.

एवढी घाई कशासाठी? वृषणाला थंडावा लागतो. ते पिशवीत शरीराबाहेर लोंबतं, ते त्यासाठीच. तिथे पोटापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान असतं. वर, जांघेत किंवा पोटात अडकलेल्या वृषणाला ती उष्णता सोसत नाही. पुढे ज्या पेशींपासून वीर्यातले शुक्रजंतू तयार होतात, त्या पेशी पहिल्या दीड-दोन वर्षांतच कमी होऊ लागतात. स्वीडनमध्ये एक चाचणी झाली होती. काही मुलांचं ऑपरेशन नवव्या महिन्यात केलं आणि काहींचं तिसऱ्या वर्षी, कुणाचं कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चौथ्या वर्षी मोजमाप घेतलं तेव्हा आधी ऑपरेशन झालेल्या मुलांचं वृषण जास्त वाढलेलं होतं. नऊ महिने आणि तीन वर्षं यांतच एवढा फरक दिसला. माझ्या मुलाची तर आठ वर्षं गेली.

कॅन्सरचा मुद्दा भीती घालायला वापरला जाऊ नये, म्हणून नीट सांगते. 2007 साली स्वीडनमधल्याच सुमारे सतरा हजार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचं लहानपणी किंवा पुढे हे ऑपरेशन झालेलं होतं. तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांना वृषणाच्या कॅन्सरचा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या दुपटीहून थोडा जास्त होता, म्हणजे 2.23 पट. तेरानंतर झालेल्यांना 5.40 पट. मुळात हा कॅन्सर कमी लोकांना होतो, त्यामुळे दुप्पट म्हटलं तरी आकडा लहानच राहतो, हे ज्या आईबापांना आज कळलंय त्यांनी लक्षात ठेवावं आणि रात्रीची झोप घालवू नये. ऑपरेशनने धोका पूर्ण जात नाही. पण वृषण खाली, हाताला लागेल अशा जागी आलं की पुढे गाठ झाली तर मुलाला स्वतःलाच कळू शकते. पोटात असलेली गाठ कुणाला कळणार? मूल होण्याबाबतही तसंच. एकाच बाजूचं असेल तर पुढे बाप होण्याची शक्यता जवळपास इतरांइतकीच असते. दोन्ही बाजूंचं असेल तर ती बरीच घटते, आणि तिथे प्रत्येक महिना मोलाचा.

आता व्यवस्थेबद्दल. आमच्या शाळेत आलेलं ते पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं होतं. या कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, आणि काही आढळलं तर उपचार फुकट. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. माझ्या मुलाला जे मिळालं ते या कार्यक्रमामुळे मिळालं, आणि त्याचे उपकार मी कधी नाकारणार नाही. पण या कार्यक्रमात शोधायच्या आजारांची जी तीसांची यादी ठरली, तिच्यात नऊ जन्मजात दोष होते: दुभंगलेले ओठ आणि टाळू, वाकडे पाऊल, हृदयाचे दोष, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण वगैरे. न उतरलेलं वृषण त्या नऊंत नव्हतं. तरीही आपल्याकडची पथकं ते शोधतात, जिल्ह्याजिल्ह्यांत हर्निया आणि हायड्रोसीलबरोबर याची ऑपरेशनं शिबिरांत होतात. डॉक्टरांनी आपल्या समजुतीने यादीबाहेर जाऊन केलेलं हे काम आहे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण यादीत नसलेलं काम माणसागणिक बदलतं. बदली झाली की थांबतं.

शिवाय ही शिबिरं भरतात तेव्हा त्यांत कोण असतं? पहिली-दुसरीपासून सातवी-आठवीपर्यंतची मुलं. दप्तर पाठीवर असलेल्या वयातली. ज्या वयात हे सापडायला हवं, त्या वयातलं मूल शाळेत नसतं, अंगणवाडीतही बसत नाही. ते आईच्या कडेवर असतं. आणि आईच्या कडेवरचं ते मूल पहिल्या वर्षात पाच वेळा न चुकता एका जागी आणलं जातं, लसीला. जन्मानंतर, दीड महिन्याने, अडीच महिन्यांनी, साडेतीन महिन्यांनी, नवव्या महिन्यात. दुसरी कुठलीही तपासणी यापेक्षा जास्त मुलांपर्यंत पोचत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची शाळेची तपासणी हमखास हुकते, कारण पथक येतं तेव्हा ती माणसं कारखान्याच्या हद्दीतल्या कोपीवर असतात. पण सिस्टर तिथेही लस घेऊन पोचण्याची धडपड करतात. लस पोचते तिथे ही तपासणीही पोचू शकते.

इंग्लंडमध्ये असंच करतात. जन्मानंतर बहात्तर तासांच्या आत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी प्रत्येक बाळाचे चार भाग तपासायचे: डोळे, हृदय, कमरेचे सांधे आणि मुलगा असेल तर वृषणं. चौघांत त्याला मानाची जागा आहे. आपल्या कार्डावर वजनाचा आलेख आहे, लसींचे चौकोन आहेत, बाळ मान कधी धरतं, कधी बसतं, हेही आहे. एक ओळ वाढवायला कागद अपुरा पडणार नाही.

आमच्या भागातल्या एका सिस्टरशी मी हे बोलले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, "ताई, अजून किती कामं लावणार आम्हाला?" त्यांचं खरं आहे. लसीच्या दिवशी उपकेंद्रात ओळीने बायका बसलेल्या, एक बाळ रडलं की दहा रडतात, कूलबॉक्समधल्या कुप्यांचा हिशेब, वर ऑनलाइन नोंदी. आशाताईंचं तर विचारूच नका. बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जाऊन पाहणी करायची, आणि एका भेटीचे पन्नास रुपये. त्यांच्या डोक्यावर नवं ओझं टाकायला मलाही बरं वाटत नाही. पण मांडीत सुई द्यायला लंगोट सोडावाच लागतो. तपासणीला लागतो तो वेळ अर्ध्या मिनिटाचा. हात कोमट करायचे, दोन बोटं जांघेपासून खालच्या दिशेने हलकेच सरकवायची, पिशवीत दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढं काही लागतं का ते बघायचं. मात्र सुई टोचायच्या आधी, बाळ शांत असताना. गार हात लागला किंवा बाळ रडलं की वृषण वर ओढलं जातं आणि उगाच नसल्यासारखं भासतं. सिस्टरने निदान करायचं नाही. 'लागलं' किंवा 'लागलं नाही' एवढंच लिहायचं, बाकीचं काम पुढच्या डॉक्टरांचं. हे शिकवायला एक दुपार पुरेल. आणि या कामाचा वेगळा मोबदला मिळायला हवा, हेही मी त्याच दमात म्हणते.

न्हाऊ घालणाऱ्या बायकांना यात धरावं असंही मला मनापासून वाटतं. गावोगावी अजून त्या आहेत. बाळाचं अंग रोज, उघडं, कोमट पाण्याने सैलावलेलं, त्यांच्याइतकं कुणाच्या हाताखालून जात नाही. तपासायला याहून चांगली वेळ कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. आशाताईने अशा मावशींना एकदा बसवून सांगितलं, की सहाव्या महिन्यापर्यंत लागलं नाही तर मला सांगा, तर किती मुलं वेळेत सापडतील!

खरी अडचण पुढे आहे, आणि ती मी लपवणार नाही. सापडलं, पण ऑपरेशन कोण करणार? वर्षाच्या बाळाची वृषणाला जाणारी रक्तवाहिनी दोऱ्याएवढी बारीक असते. ती दुखावली तर वृषण सुकतं. हे काम लहान मुलांच्या सर्जननेच करायचं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही तान्ह्या बाळांची सवय हवी. असे डॉक्टर मुंबई-पुण्यात आहेत, नागपूर-संभाजीनगरच्या सरकारी महाविद्यालयांत आहेत, पण गडचिरोली-नंदुरबारच्या आईला तिथवर जायचं म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते आणि घरची बाकीची पोरं शेजारणीवर टाकावी लागतात. काही जण म्हणतात, मग मूल मोठं होऊ दे, तालुक्यालाच होईल. मला हे पटत नाही. सोय नाही म्हणून मुलाच्या शरीराने थांबायचं, हा न्याय उलटा झाला. सर्जन ठरलेल्या तारखांना जिल्ह्याला यावेत, नाहीतर गाडी मुलाला आणि आईला महाविद्यालयात नेऊन आणावी. हृदयाचं छिद्र असलेल्या मुलांसाठी हीच व्यवस्था पाठवणी करते. तीच वाट या मुलांना खुली करायची आहे, नवा रस्ता बांधायचा नाही.

भुलेची भीती प्रत्येक आईला वाटते. मलाही वाटली होती. एवढ्याशा जिवाला भूल दिली तर मेंदूवर परिणाम होईल का? हाच प्रश्न घेऊन अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून एक मोठी चाचणी केली. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या, जेमतेम काही आठवड्यांच्या बाळांपैकी काहींना पूर्ण भूल दिली, काहींना कमरेखालचा भाग तेवढा बधिर केला. पाचव्या वर्षी दोन्ही गटांतल्या मुलांची बुद्धी तपासली, फरक आढळला नाही. ती भूल तासाभराच्या आतली होती. आणि हे ऑपरेशनही साधारण तेवढ्याच वेळाचं असतं. जांघेत लहानसा छेद, बहुतेकदा सोबत असलेली हर्नियाची पिशवी बांधायची, वृषणाची नाडी मोकळी करून खाली आणायची, पिशवीच्या कातडीखाली त्याला कप्पा करायचा आणि टाक्याने बसवायचं. टाके आपोआप विरघळतात. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात.

माझ्या मुलाला आठव्या वर्षी ऑपरेशनचं दुखणं फार झालं नाही. झाली ती लाज. सुट्टीत सगळे नदीवर जायचे तेव्हा तो काठावर बसून राहायचा. वर्गातल्या कुणीतरी त्याला नाव पाडलं होतं, ते मला त्याने चार वर्षांनी सांगितलं. पंधरा महिन्यांच्या बाळाला यातलं काही आठवत नाही. डॉक्टरांच्या नियमांत हे कारण कुठे लिहिलेलं नसतं, पण आई म्हणून मला ते इतर कुठल्याही कारणाइतकंच वजनदार वाटतं.

दोन गोष्टी ओघात सांगून टाकते, कारण त्यांत पैसा आणि वेळ दोन्ही जातो. पाठवायच्या आधी सोनोग्राफी करून आणा, असं अनेक ठिकाणी सांगतात. तिचा उपयोग फारसा नाही, सर्जनच्या हाताला जे कळतं त्यापेक्षा ती जास्त सांगत नाही आणि पोटातलं वृषण तिला पुष्कळदा दिसतही नाही. आणि उतरवण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शनं आता करू नयेत असंच तज्ज्ञ सांगतात. मात्र दोन्ही बाजूंना काहीच लागत नसेल तर जन्मानंतर लगेच तपासण्या व्हायला हव्यात. तिथे सहा महिने थांबायचं नाही, कारण मुलगा वाटणारं ते बाळ मुलगी असू शकतं आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या आजारामुळे पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणि शाळेची तपासणीही बंद करायची नाही. काही मुलांचं तान्हेपणी खाली असलेलं वृषण पुढे वाढीच्या वयात वर सरकतं. ते शाळेतच सापडणार.

मला सर्वांत जास्त बोचतं ते आपलं गप्प बसणं. मुलगा व्हावा म्हणून आपल्याकडे केवढे नवस बोलले जातात, मुलगी झाली म्हणून बायकांनी काय काय सोसलंय. आणि तोच मुलगा जन्माला आला की त्याच्या कमरेखाली काय आहे हे नीट बघायला, त्याबद्दल चार शब्द बोलायला आपण कचरतो. मी कचरले. शब्दही धड नव्हता माझ्याकडे. वृषण हा शब्द पुस्तकातला, अंडकोष म्हणावं तर लाज, गोटी म्हणावं तर डॉक्टर हसतील अशी भीती. सासूबाईंना दोष देऊन मी सुटणार नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या सुनेबरोबर उपकेंद्रात गेले होते. तिचं बाळ साडेतीन महिन्यांचं, चौदा आठवड्यांची लस. मी सिस्टरना म्हटलं, लस द्यायच्या आधी एकदा गोट्या बघता का? सून लाजेने लाल झाली. सिस्टरनी तळहात एकमेकांवर चोळून गरम केले, बाळाचे पाय हलकेच फाकवले, एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं, पुन्हा पहिल्या बाजूला बघितलं. मग कार्ड उघडलं. वजनाचा चौकोन होता, लसीचे चौकोन होते, यासाठी काही नव्हतं. त्यांनी पेन तिरकं धरून समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'डावं खाली. उजवं लागलं नाही. सहा महिन्यांचा झाला की सर्जन.'